क्रियापदाची जागा

‘आय मँगो ईट’ असे वहीत लिहिणारे मूल मराठीच्या वाक्यरचनेशी किती इमान राखून असते, हे त्या ओळीवर लाल शाईची फुली मारताना आपल्या सहसा ध्यानी येत नाही. मराठीत क्रियापद अखेरीस येते. भामरागडच्या अरण्यातून आलेल्या माडिया मुलाची बोली द्राविडी कुळातील, तरी तिचाही हाच शिरस्ता. ‘मला भूक लागली’ यात कर्तेपण भुकेकडे असते, तर ‘आय ॲम हंग्री’ म्हणताना ते माणसाकडे येते, आणि ‘शाळेत’ मधला मागचा प्रत्यय इंग्रजीत ‘इन’ होऊन नामाच्या अगोदर जाऊन बसतो. ‘ए’ आणि ‘द’ यांना तर आपल्याकडे जोडच नाही.

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. परंतु हा भेद उलगडून सांगण्याऐवजी नियम घोकून घेण्याचा परिपाठ पुष्कळ ठिकाणी कायम राहिला, हे आम्हांस खेदाने नमूद करावेसे वाटते. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा आराखडा त्यांच्यासमोर होता. आज त्याच वाटेने उलट येऊन मराठीच्या, गोंडीच्या आणि झाडीबोलीच्या आधारे इंग्रजी शिकविता येईल, अशी आमची धारणा आहे. प्रस्तुत अंकाची मांडणी याच दृष्टीने केली आहे. ऊर्जानगरच्या वसाहतीतील पालकांनी आणि शिक्षकांनी आपल्या मुलांच्या वह्यांतील अशी वाक्ये, फुली न मारता, आमच्याकडे अवश्य पाठवावीत.