घरची कोरकू, शाळेची मराठी

महाराष्ट्र सरकारनें १६ एप्रिल २०२५ रोजीं पहिलीपासून हिंदी सक्तीची करण्याचा निर्णय काढला व लोकक्षोभ पाहून २९ जून रोजीं तो विषय मागें घेतला. कोंवळ्या पोरावर घरीं न बोलली जाणारी भाषा लादूं नये, हा आम्हां मराठी लोकांचा त्या वेळचा मुद्दा रास्तच होता. परंतु प्रतिपक्षावर टाकलेला मुद्दा आपल्यावर उलटला असतां काय उत्तर द्यावें, याचाही विचार वकिलास करावा लागतो. आणि मेळघाटाविषयीं असें उत्तर आम्हांपाशीं नाहीं.

अमरावती जिल्ह्यांतील धारणी व चिखलदरा या तालुक्यांत कोरकू लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांची भाषा ही मराठीची पोटभाषा नव्हे. ती मुंडा कुळांतील, संथाळीची बहीण. मध्यप्रदेशांतले कोरकू धरून २०११ च्या शिरगणतींत ती बोलणारे सात लाखांहून अधिक भरले. घरीं पाण्यास ‘डा’ म्हणणारें मूल पहिलींत येतें तों पुढ्यांत मराठी पुस्तक! दगड तो, वाट ती, झाड तें, हा घोळ त्यास कसा उलगडावा? कोरकूंत नामांचा भेद सजीव-निर्जीव एवढाच. उलट ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतील जो फरक इंग्रजांस समजावितांना पुरेवाट होते, तो या मुलास उपजत ठाऊक असतो. शिवाय मराठीनें गमावलेलें द्विवचनही त्याच्या भाषेंत आहे. तरी तें वर्गांत गप्प बसतें, आणि गप्प मुलास मठ्ठ म्हणण्याची आमची रीत जुनी.

दोन भाषांनीं मुलाचें डोकें शिणतें, ही समजूत आमच्या व्यापारी वाचकांनीं तरी बाळगूं नये. कित्येकांच्या घरीं गुजराती वा मारवाडी, पेढीवर मराठी. त्यांचीं मुलें कोठें मागें पडलीं? मात्र त्या घरांस पैशाचा व शिकवणीचा आधार असतो, जंगलांतल्या पाड्यास तो नसतो.

भाषिक अल्पसंख्य मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळावें, यासाठीं राज्यानें प्रयत्न करावा, असें घटनेचें ३५०-अ कलम १९५६ पासून सांगत आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेंही पांचवीपर्यंत घरचीच भाषा सांगितली, पण ‘शक्य तेथें’. अशा शब्दांत पळवाटा किती असतात हें आम्हांस धंद्यानें ठाऊक आहे. आमचें मागणें थोडें आहे: मेळघाटांत पहिल्या तीन इयत्तांवर कोरकू जाणणारे शिक्षक नेमावे, अक्षरओळख कोरकू शब्दांनीं करावी, आणि मराठी तिच्या जोडीनें, बोलण्यापासून शिकवावी. २०२५ च्या जूनमध्यें ज्यांनीं सभा भरविल्या त्यांनीं या मागणीचाही अर्ज सरकारकडे धाडावा. त्यावर सही करण्यास आम्ही तयार आहों.