दवण्याचं अत्तर काढताय? आधी वास खरा ठेवा

"दवण्याचं परफ्यूम काढतोय, बाटलीवर जोतिबाचा फोटो टाकू का?" असं विचारणारे बरेच भेटतात. माझं मत, नको. रिकामी बाटली शेवटी कचऱ्यातच जाते ना! गोष्ट मात्र जरूर सांगा.

चैत्रात वाडी रत्नागिरीला जोतिबाला गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा वाहतात. म्हणजे कोल्हापूरकडच्या गिऱ्हाइकाला हा वास लहानपणापासून पाठ आहे. गुलाबात थोडंफार खपून जातं, दवण्यात नाही. हिरवट, किंचित उग्र, मसालेदार आणि मागून पिकल्या फळासारखा गोड असा तो वास. स्वस्तातलं लव्हेंडर भरून वर 'दवणा' लिहिलंत, तर एखादी आजी नाकाला लावूनच बाटली परत देईल.

अस्सल दवण्याचं तेल महाग पडतं, मान्य. मग थोडं घाला, ब्लेंड करा. अजिबात नसेल तर 'दवण्यासारखा सुगंध' असं सरळ छापा. आणि हो, अंगाला लावायचं अत्तर म्हणजे कॉस्मेटिक. कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे ते बनवायला लायसन्स लागतं. घरी बाटल्या भरून इन्स्टावर विकणं बंद करा. लायसन्सवाल्याकडून छोटा लॉट बनवून घ्या, आणि ऑर्डर चैत्राच्या बऱ्याच आधी द्या.