गच्चीवरची एक तार

परवा सोसायटीच्या सभेत माझा अर्ज फेटाळला गेला. मागितलं काय होतं, तर हॅम रेडिओसाठी गच्चीवर एक तांब्याची तार. पाण्याच्या टाकीपासून मधल्या काठीपर्यंत आणि तिथून पलीकडच्या कठड्यापर्यंत, एकूण वीस मीटर. नकाराची कारणं दोन: "बिल्डिंग वाईट दिसेल" आणि "रेडिएशन".

त्याच गच्चीवर अकरा डिश आहेत. चार-पाच तर कनेक्शन बंद होऊनही तशाच गंजतायत. शिवाय मोबाईल कंपनीचा मनोरा आहे. तो चोवीस तास प्रक्षेपण करतो, पण दरमहा भाडं देतो. भाडं देणाऱ्याच्या लहरी बाधत नाहीत, हे विज्ञान मला नवीन होतं! (मनोऱ्याला माझा विरोध नाही. मर्यादेत राहून केलेलं प्रक्षेपण चालतं ना, मग तोच न्याय मला लावा.)

याच मंडळींच्या घरांवर 1980च्या दशकात सिंहगडाकडे तोंड केलेले यागी अँटेना होते. वर कावळे बसायचे. एकाने गच्चीत काठी फिरवायची, दुसऱ्याने जिन्यातून ओरडायचं, "आलं का?" आणि घरातून उत्तर, "नाही, मुंग्याच!" तेव्हा बिल्डिंग वाईट दिसत नव्हती.

अध्यक्ष म्हणाले, "काका, बाल्कनीत लावा की छोटासा." अरे बाबा, 7 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 42 मीटर. डायपोल तिच्या निम्मा लागतो. हे काही मी ठरवलेलं नाही, ठराव करून बदलणारही नाही. तोकडा अँटेना कॉइल घालून जुळवता येतो, पण मग बरीच शक्ती त्या कॉइललाच तापवण्यात जाते. त्यात बाल्कनीला लोखंडी ग्रिल, आणि ऐकायला बसावं तर एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांची खरखर. बरं, रेडिएशनचीच भीती असेल तर अँटेना उंच, माणसांपासून लांब हवा, की शेजाऱ्यांच्या बेडरूमला खेटून?

डिश फक्त ऐकते आणि माझी तार बोलते, हे कबूल. म्हणूनच अर्जात लिहून दिलं होतं: टोकं हाताला लागणार नाहीत इतकी उंच ठेवीन, अर्थिंग करीन, कुणाच्या स्पीकरमध्ये माझा आवाज आला तर दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवीन. सरकारची परीक्षा देऊन घेतलेल्या परवान्याची प्रतही जोडली होती. अर्ज वाचला मात्र कुणीच नाही.

26 डिसेंबर 2004ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम सहकारी योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होते. फोन बंद पडल्यावर अंदमानातले निरोप त्यांनी रेडिओवरून मुख्य भूमीवर पोचवले. हे सांगायला उभा राहिलो, तर पुढचा विषय पार्किंगचा होता...

असो. पुढच्या सभेत पुन्हा अर्ज देणार आहे. तार कापून ठेवलीये, साडेदहा-साडेदहा मीटरचे दोन तुकडे. जरा जास्तच घेतलीय, कारण छाटता येते, जोडायला त्रास होतो.