हात लावू द्या, पण आधी थंड ठेवा

शाळेच्या मेळाव्याला आलेला माजी विद्यार्थी निरोप घेताना एक प्रश्न हमखास विचारतो : शाळेसाठी काय करावे? अलीकडे या प्रश्नाचे उत्तरही जणू ठरून गेले आहे. संगणक कक्ष. दहा संगणक, दहा खुर्च्या आणि दारावर देणगीदाराचे नाव. देणाऱ्याच्या भावनेविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु सातारा-सांगली भागात वावरताना असेही कक्ष आम्ही पाहिले, जेथे संगणकांवर कापडी आच्छादने असतात, किल्ली कपाटात असते आणि भिंतीवर 'परवानगीशिवाय हात लावू नये' अशी पाटी असते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने थोडे वेगळे मत मांडतो. निवासी शाळेला मुलांना उघडता येईल, बिघडवता येईल आणि पुन्हा उभा करता येईल असा संगणक द्यावा. आणि तो आपल्या उन्हाळ्यात नीट चालता ठेवण्याचा खर्चही त्याच देणगीत धरावा.

असा संगणक आज उपलब्ध आहे. रास्पबेरी पाय या नावाचा हा बोर्ड साधारण एटीएम कार्डाएवढा असतो. इंग्लंडमधील केंब्रिज येथे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घडवला व २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलर किमतीला विक्रीस आणला. विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या घटली होती आणि येणाऱ्यांना पूर्वीइतके प्रोग्रामिंग येत नव्हते, ही त्यांची चिंता. आधीची पिढी १९८० च्या दशकातील बीबीसी मायक्रो या घरगुती यंत्रावर स्वतः धडपडून शिकली होती. आपल्याकडच्या वाचकाला हे नाव अगदीच परके वाटू नये. १९८४ साली भारत सरकारने शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा आणलेली यंत्रे बीबीसी मायक्रोच होती. ते यंत्र बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीतच पुढे एआरएम या प्रोसेसरची मूळ रचना झाली; आज आपल्या खिशातील मोबाईलही त्याच घराण्याचा आहे आणि हा बोर्डही.

तो उभा करणे हेच निम्मे शिक्षण आहे. बोर्डात हार्डडिस्क नसते. मेमरी कार्डावर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली उतरवायची, कार्ड खाचेत सरकवायचे, वसतिगृहातला टीव्ही पडदा म्हणून जोडायचा, कळफलक आणि माउस लावायचा आणि वीज द्यायची. मुलाने चुकीची आज्ञा देऊन सारे पुसून टाकले तरी बहुधा नुकसान कार्डापुरतेच असते. ते पुन्हा लिहिले की यंत्र पूर्ववत. चूक पुसता येते, हे ज्याला एकदा कळले तो विद्यार्थी धीट होतो. मोठ्या संगणकासमोर हात मागे बांधून उभ्या राहणाऱ्या मुलाला हा धीटपणा कोणत्याही पुस्तकातून देता येत नाही.

'हात लावू नये' ही पाटी आम्हांला का बोचते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव ज्या साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, त्या शाळेत त्यांना तहान लागली तरी नळाला स्वतः हात लावता येत नव्हता. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले आणि श्रमाला शिक्षणाचा भाग केले. हा वारसा सांगणाऱ्या शाळेत ज्ञानाच्या साधनाभोवती दोरी बांधलेली असावी, ही गोष्ट आम्हांला पटत नाही. मग ती दोरी कितीही काळजीपोटी बांधलेली असो.

आता उष्णतेकडे वळू, कारण देणगीदारही सहसा इथेच फसतो.

केंब्रिज थंड गावातले शहर. तेथल्या खोलीत समजा २२ अंश तापमान आहे आणि पूर्ण कामाला लागलेला, वर काहीही न बसवलेला बोर्ड खोलीपेक्षा ५० अंशांनी अधिक तापतो. म्हणजे ७२ अंश. काम सुरळीत चालेल. तोच बोर्ड एप्रिल-मे महिन्यांत जत किंवा आटपाडीच्या पत्र्याच्या खोलीत ठेवा. तेथे हवाच ४० अंशांच्या घरात. हिशेबाने बोर्ड ९० वर जायला हवा. पण तो जात नाही. ८० अंशांच्या आसपास पोहोचताच प्रोसेसर स्वतःची गती कमी करू लागतो आणि ८५ ला अधिकच आखडता घेतो. यंत्र जळत नाही, मंदावते. मुलांना वाटते बोर्ड कमी ताकदीचा आहे, शिक्षकांना वाटते देणगी वाया गेली; आणि प्रत्यक्षात यंत्राने फक्त आपला जीव सांभाळलेला असतो. परदेशी पुस्तिकांतील सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते या साध्या बेरजेमुळे.

यावर उपाय महाग नाहीत. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमचा पंखेदार तुकडा, म्हणजे हीटसिंक, चिकटवला आणि वर छोटा पंखा दिला की ५० अंशांचा फरक २५ पर्यंत आणता येतो, असे धरून चालू. मग ४० अंशांच्या खोलीतही बोर्ड ६५ वर राहील. बंद प्लॅस्टिकची डबी दिसायला छान, पण उन्हाळ्यात तिचे झाकण काढलेलेच बरे. बोर्ड सपाट न ठेवता उभा ठेवला तरी हवा दोन्ही बाजूंनी खेळून थोडा फरक पडतो. पत्र्याखाली कपाटाच्या माथ्यावर तर तो कधीच ठेवू नये. सर्वांत गरम हवा तिथेच साठते. पश्चिमेची भिंत टाळावी.

एखादी चौकस मुलगी येथे विचारील, माठातले पाणी खोलीपेक्षा थंड होते, मग पंख्याने बोर्ड खोलीपेक्षा थंड का होत नाही? प्रश्न अगदी योग्य आहे. माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी बाष्प होताना उष्णता घेऊन जाते, म्हणून तो भोवतालच्या हवेच्याही खाली उतरतो. पंखा फक्त हवा हलवतो. तो बोर्डाला खोलीच्या तापमानाजवळ आणील, त्याखाली नेणार नाही. या एका प्रश्नातून नववीच्या विज्ञानाचे दोन तास सहज रंगतील.

आपल्याच दोन जिल्ह्यांत या प्रश्नाला एक उत्तर नाही, हेही ध्यानात घ्यावे. माण-खटावकडे कोरडी उष्णता आणि धूळ. पाटण-महाबळेश्वरकडे पावसाळाभर ओल. साखर कारखान्याच्या आसपास गळीत हंगामात काजळी पडते आणि छोट्या पंख्याच्या पात्यांवर तिचा थर बसतो. दर महिन्याला मऊ कुंचल्याने पंखा साफ करणे हे वसतिगृहाच्या कामांच्या पाळीत लावून टाकावे. ओलीच्या गावी सुट्टीत बोर्ड कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

विजेचे दुखणे शेतकऱ्याच्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. व्होल्टेज पडले की विहिरीवरची मोटर जळते, हे त्याने घरी पाहिलेले असते. बोर्ड जळत नाही, पण ५ व्होल्टऐवजी सुमारे ४.६३ च्या खाली आले की पडद्यावर विजेची खूण दाखवतो आणि गती उतरवतो. पुष्कळदा याचे कारण मोबाईलची बारीक वायर असते. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा योग्य अडॅप्टरच द्यावा. येथे शंभर-दोनशे रुपये वाचवणे ही काटकसर नव्हे. आणि भारनियमनात अचानक वीज गेली तर कार्डावरील मजकूर बिघडू शकतो, म्हणून थोडा वेळ तग धरणारी बॅटरी सोबत असावी.

राहिली गती. मुलांचा सारा ओढा तिकडेच असतो, आणि वयच तसे आहे. हा खटाटोप चोरीचाही नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खुद्द निर्मात्यांनीच पहिल्या बोर्डाला ७०० मेगाहर्ट्झवरून १ गिगाहर्ट्झपर्यंत नेण्याची अधिकृत सोय दिली होती. आजही एका मजकुराच्या फाईलमध्ये दोन ओळी लिहून गती आणि व्होल्टेज वाढवता येते. पण त्याची किंमत मुलांनी आधी कागदावर काढावी. प्रोसेसरची वीज गतीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाय ४ ची गती १.५ वरून २ गिगाहर्ट्झ केली आणि त्यासाठी व्होल्टेज समजा १५ टक्के वाढवले, तर १.३३ गुणिले १.३२, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट उष्णता. गती मात्र एक तृतीयांशानेच वाढली. थंडाव्याची सोय नसताना हे केले तर भर दुपारी वाढवलेली गती पुन्हा हातची जाते. म्हणून आमचे मत असे, की गती वाढवू द्यावी, पण सर्वांत शेवटी, एकाच बोर्डावर, आणि आधीचे व नंतरचे तापमान वहीत लिहून. वेगवान कार्ड किंवा एसएसडी जोडल्याने आणि ब्राउझरच्या नको त्या खिडक्या मिटवल्याने रोजच्या कामात याहून अधिक फरक जाणवतो. मात्र त्यात पराक्रम वाटत नाही, ही मुलांची अडचण.

काही पालक म्हणतील, नोकरीच्या अर्जाला एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र लागते, या खेळण्याचा तेथे काय उपयोग? शंका रास्त आहे. ते प्रमाणपत्र मुलांनी अवश्य घ्यावे आणि त्यासाठी दोन-चार नेहमीचे संगणक शाळेत असावेत. परंतु यंत्र वापरणारा आणि यंत्र समजणारा यांत फरक असतो, आणि सांगली जिल्ह्याने तो पाहिला आहे. १९१० साली माळरानावर वसलेल्या किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर घडले ते यंत्र खोलून पाहणाऱ्यांच्या हातून. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रमही करून शिकण्याच्याच वाटेने चालला आहे.

यंदा ज्या माजी विद्यार्थ्यांच्या मनात देणगी आहे, त्यांनी एका संगणक कक्षाऐवजी मुलींच्या आणि मुलांच्या वसतिगृहांत सारख्या संख्येने बोर्ड द्यावेत. प्रत्येकासोबत योग्य अडॅप्टर, हीटसिंक, पंखा आणि दोन जादा कार्डे असावीत. एक-दोन बोर्ड बिघडतील असे धरूनच रक्कम ठरवावी. शक्य असेल त्यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा. पहिला रविवार मार्चमध्ये ठेवला तर उन्हाळा तापण्यापूर्वी पंखे बसवून होतील.