आजोबांच्या बाटलीतली चमचम

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात एक जाडसर पाकीट आलं. फोडलं तर आत वहीच्या दोन पानांचं पत्र आणि कागदाची एक पुडी. पुडीवर लिहिलेलं, 'हळू उघडा, सांडू नका.' उघडली तर काय, चिमूटभर वाळू!

पत्र आहे नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोदा तालुक्यातून, नववीतल्या एका मुलीचं. तिचं घराणं मूळचं सातपुड्यातलं, नर्मदेच्या काठचं. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातल्या ज्या ३३ गावांना गाठलं, त्यांतलं एक तिच्या आजोबांचं. ती स्वतः जन्मली ती पुनर्वसनाच्या वसाहतीत. गाव सोडताना आजोबांनी नदीकाठची वाळू एका बाटलीत भरून घेतली होती. ती बाटली अजून घरात फळीवर असते. एका सकाळी खिडकीतून ऊन आलं आणि तिला त्या वाळूत सोनेरी कण चमकताना दिसले. लगेच तिने चिमूटभर काढून मला पाठवली. शेवटी तळटीप : 'आजोबांना विचारलेलं नाही, म्हणून माझं नाव छापू नका.' नाही छापत, बाई!

तिने प्रश्न विचारलेत दोन. पहिला, हे सोनं आहे का? आणि दुसरा मी दोनदा वाचला. 'आमच्याकडे सोन्याची खाण निघाली, तर आम्हाला परत उठवतील का?'

पहिला सोपा आहे, तो आधी घेऊ. पुडीतली थोडी वाळू मी पांढऱ्या बशीत घेतली, पाणी ओतलं आणि बशी गोल गोल हलवली. चमचमणारे कण वाळू सोडून वर आले आणि पाण्याबरोबर तरंगत कडेला गेले. सोनं असं कधीच करणार नाही. सोनं पाण्याच्या १९ पट जड असतं, साधी वाळू जेमतेम अडीच पट. म्हणजे सोन्याचा कण सगळ्यांच्या आधी तळ गाठणार आणि तिथून हलायचं नाव घेणार नाही. मग एक कण सुईच्या टोकाने दाबून पाहिला. त्याचे पापुद्रे सुटले. सोन्याचे पापुद्रे सुटत नाहीत, ते दाबलं की चपटं होतं. आणखी एक खूण सांगतो. बशी सावलीत नेली तर चमक गेली. सोनं सावलीतही पिवळंच दिसतं.

तेव्हा हे अभ्रक. नर्मदा अमरकंटकहून निघते, जबलपूरजवळ भेडाघाटचा संगमरवर कापते, वाटेत कितीतरी जुन्या खडकांचा चुरा उचलते आणि घेऊन येते. तिने असं किती अंतरावरून आणलेलं अभ्रक तुझ्या आजोबांच्या बाटलीत येऊन बसलंय! नाराज होऊ नकोस. याच चकाकीने भल्याभल्यांना फसवलंय.

पण मग नंदुरबारच्या जमिनीत सोनं नाहीच का? थोडं आहे. कुठल्याही दगडात असतं, अगदी तुमच्या अंगणातल्यासुद्धा. फक्त किती, ते ऐका. साध्या दगडाच्या एका टनात फार तर चार मिलिग्रॅम. एक ग्रॅमची नथ करायची तर अडीचशे टन दगड, म्हणजे दहा-दहा टनांचे पंचवीस ट्रक! एवढं दळून नथ मिळणार एक. कोण करेल हा धंदा?

नंदुरबारचा दगड कोणता, तर काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. हजार मीटरहून उंच असलेलं तोरणमाळचं पठार अशाच थरांचं आहे. काही भेगांमध्ये लाव्हा आतच गोठून राहिला. आजूबाजूचा दगड झिजला आणि हा टणक भाग भिंतीसारखा उभा राहिला. त्याला म्हणतात डाइक. नंदुरबार-धुळे भागात शास्त्रज्ञांनी असे दोनशेच्या वर मोठे डाइक मोजले आहेत. एस.टी.तून जाताना शेतामधून सरळ रेषेत धावणारा काळा, दगडी बांध दिसला, तर तो बहुतेक कुणी बांधलेला नसतो. (अशा भिंतीखाली गुप्तधन आहे असं सांगून कुणी पूजेचे पैसे मागायला आलं, तर त्याला खुशाल हे पान वाचायला द्या.)

आता गंमत पाहा. आपल्या देशातली सगळ्यांत नावाजलेली सोन्याची खाण ज्या दगडात होती, तोही मुळात लाव्हाच! ती खाण म्हणजे कर्नाटकातलं कोलार. शहाजीराजांची बंगळूर-कोलारची जहागीर इतिहासात वाचलीय ना, तेच हे कोलार. सिनेमामुळे 'केजीएफ' ही अक्षरं तर आता सगळ्यांना पाठ आहेत.

मग तिथे सोनं आणि आपल्याकडे खडी, असं का? फरक वयाचा आणि भोगलेल्या हालांचा. कोलारचा लाव्हा सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचा. आपला त्याच्यापुढे कालचं पोर. कोलारचा लाव्हा पुढे जमिनीत खोल गाडला गेला, दाबला गेला, भाजला गेला, त्याचा हिरवट-काळा वेगळाच खडक झाला. मग त्याला चिरा पडल्या आणि त्यांतून खोलवरचं उकळतं पाणी वर चढू लागलं. प्रेशर कुकरमधल्यासारखं पाणी, पण त्याहून कितीतरी तापलेलं. त्यात गंधक होतं, आणि गंधकाच्या सोबतीने सोनं पाण्यात विरघळतं. वाटेतल्या मैलोन्‌मैल खडकांतलं कणकण सोनं त्या पाण्याने गोळा केलं. वर येताना दाब कमी झाला, पाणी थोडं निवलं, चिरेच्या कडेच्या लोखंडी दगडाने गंधक ओढून घेतलं आणि सोनं तिथेच खाली बसलं. साखरेचा पाक निवला की पातेल्याच्या कडेला साखर धरते ना, तसं. सोबत पांढरी गारगोटी साचली. काळ्या दगडात गारगोटीची पांढरी शीर आणि त्या शिरेत सोनं. खाणवाले शोधतात ती ही शीर.

आपल्या साडेसहा कोटी वर्षांच्या बेसाल्टवर हे काही गुदरलेलंच नाही. त्याच्या पोकळ्यांतही पाणी फिरलं, पण त्याने सुंदर स्फटिक दिले, सोनं नाही. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा आहेत त्या पार पूर्वेला, नागपूर-भंडाऱ्याकडच्या जुन्या खडकांत. तिथे हा लाव्हा पोचलेला नाही किंवा झिजून गेलाय. पण खुणा असणं वेगळं आणि खाण चालणं वेगळं.

ते कसं, हे कोलारच्याच गोष्टीवरून कळतं. तिथे जुन्या काळापासून लोक सोनं काढत होते. १८०२ साली जॉन वॉरन नावाचा इंग्रजांच्या फौजेतला लेफ्टनंट मोजणीच्या कामावर आला. सोनं दाखवील त्याला बक्षीस, असं त्याने जाहीर केलं. गावकऱ्यांनी माती आणून त्याच्यासमोर धुऊन दाखवली, आणि खाली खरंच पिवळे कण! तरी पुढे सत्तर वर्षं काही घडलं नाही. मग न्यूझीलंडच्या लढाईतून आलेल्या लव्हेल नावाच्या आयरिश सैनिकाने १८७३ साली म्हैसूर सरकारकडे परवाना मागितला. त्याचे पैसे खोदता खोदता संपले. १८८० मध्ये जॉन टेलर आणि सन्स ही इंग्रज कंपनी आली. तिचंही दिवाळं निघायची वेळ आली होती, पण जुन्या लोकांनी जिथे खोदणं सोडलं होतं त्याच्याही खाली गेल्यावर ती भरघोस शीर लागली.

सुरुवातीच्या वर्षांत तिथे टनाला ४० ग्रॅमहून जास्त सोनं निघे. मघाचा हिशेब आठवा. एका ग्रॅमसाठी नंदुरबारात पंचवीस ट्रक दगड लागत होता, इथे पंचवीस किलोत काम झालं! खाणीसाठी १९०२ साली कावेरीवरच्या शिवसमुद्रमहून दीडशे किलोमीटरच्या आसपास तारा ओढून वीज आणली गेली. त्या काळी जगातल्या सर्वांत लांब वीजवाहिन्यांत ती मोडत होती.

आणि खाली? चँपियन रीफ खाण जवळजवळ ३.२ किलोमीटर खोल गेली. कळसूबाई शिखर उलटं करून जमिनीत खुपसा आणि त्याच्याखाली आणखी एक कळसूबाई. तळाशी खडक इतका तापलेला, की त्याचं तापमान ६० अंशांच्या वर. थंड हवा वरून सोडावी लागे. वरच्या वजनाने दबलेला दगड कधीकधी बाँबसारखा फुटे, त्याला 'रॉक बर्स्ट' म्हणत. त्यात कितीतरी कामगार गेले. दगडाच्या धुळीने फुप्फुसं निकामी झालेले त्याहून वेगळे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच खोलीचा उपयोग करून १९६५ साली तिथे दोन किलोमीटरहून खाली न्यूट्रिनो हे चकवे कण टिपले. ती गोष्ट एखाद्या पूर्ण अंकाची आहे, पुन्हा कधीतरी.

सव्वाशे वर्षांत कोलारने सुमारे ८०० टन सोनं दिलं. पण खोली वाढत गेली, खर्च वाढत गेला आणि टनामागचं सोनं तीन-चार ग्रॅमवर आलं. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. सोनं संपलं म्हणून नव्हे, काढणं परवडेना म्हणून. आज आपल्या देशातली सोन्याची मोठी चालू खाण म्हणजे रायचूर जिल्ह्यातली हट्टी. कोलारमध्ये मागे उरले ते दळलेल्या दगडाचे टेकडीएवढे ढीग. सोनं वेगळं काढायला सायनाइड वापरतात, म्हणून लोक त्यांना सायनाइडच्या टेकड्या म्हणतात. वारा सुटला की ती धूळ घरांत शिरते. कित्येक घरांतली माणसं तेव्हापासून पहाटेची गाडी धरून कामाला बंगळूरला जातात.

आता तुझा दुसरा प्रश्न. सोन्यापायी तुमच्या वसाहतीला कुणी उठवणार नाही. हे मी दगडाच्या भरवशावर सांगतोय, आणि दगड शब्द फिरवत नाही. मात्र दुसऱ्या कशासाठी उठवतील का, ते दगड पाहून सांगता येत नाही. कायदा एवढं म्हणतो, की अनुसूचित क्षेत्रात प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेला विचारलं पाहिजे. १९९६ चा पेसा कायदा तो हाच. तुझ्या आजोबांच्या गावात पाणी चढायला लागलं, तेव्हा हा कायदा झालेलाच नव्हता. अठरा वर्षं पुरी झाली आणि मतदारयादीत नाव आलं, की तूही ग्रामसभेची सदस्य होशील. आणखी चार वर्षं, हिशेब सोपा आहे.

पुडीतली उरलेली वाळू टपालाने परत पाठवली आहे. बशीतलीसुद्धा वाळवून त्यातच घातली, एक कण ठेवलेला नाही. बाटलीत टाकून दे. आणि हो, आजोबांना सांगायचं की नाही ते तूच ठरव. पण सांगितलंस, तर ती वाळू त्यांनी काठावर नेमकी कुठून भरली होती, ते तेवढं विचारून मला कळव.