मर्जीच्या वर्गणीवर राज्य चालत नाही!



अमेरिकेची तेरा राज्यं इंग्रजांशी लढली. १७८१ साली त्यांचा एकीचा करार अमलात आला. पण लंडनच्या जुलमानं पोळलेल्यांनी मध्यवर्ती सरकारला कर बसवायचा अधिकारच दिला नाही. राज्यांकडे हात पसरायचा, मिळेल ते घ्यायचं! आयात मालावरच्या पाच टक्के जकातीला १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडनं मोडता घातला. कारण करार बदलायला तेराही राज्यांचा होकार लागे. भोगलं कुणी? लढलेल्या शिपायांनी! थकलेल्या पगारासाठी १७८३ मध्ये ते फिलाडेल्फियात चालून आले, तर सरकारच गाव सोडून गेलं.

वर्गणी मर्जीवर सोडली तर युनियन तरी टिकेल का? १७८७ च्या नव्या घटनेनं केंद्राला कराचा हक्क दिला. बंधूंनो, जुलमाच्या भीतीनं सरकारचे हात तोडू नका. जाब विचारायचा हक्क मात्र आपल्या मुठीत ठेवा!