तहकूब सभेचा कारभार

आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी इंदापूर तालुक्यात येते, तेव्हा बेलवाडी-लासुर्ण्याच्या पट्ट्यात कोणाला निमंत्रण धाडावे लागत नाही. सडा-रांगोळी होते, वारकऱ्यांसाठी घरोघरी चुली पेटतात. पंचायतीच्या मतदानाच्या दिवशीही हीच धावपळ दिसते. वयोवृद्धांनाही वाहनात बसवून केंद्रावर आणले जाते. प्रश्न आहे तो गुलाल धुतला गेल्यानंतरच्या पाच वर्षांचा.

१९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. गावातील प्रत्येक मतदार तिचा आजन्म सदस्य असतो. त्यासाठी त्याला निवडून यावे लागत नाही. महाराष्ट्रात आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. म्हणजे लासुर्ण्यासारख्या मोठ्या गावातही शंभर माणसे पुरतात! तेवढीही न जमल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. मग मोजक्या डोक्यांच्या साक्षीने लाभार्थी ठरतात, आराखडे संमत होतात आणि इतिवृत्तात शब्द उमटतो, ‘सर्वानुमते’.

साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाच्या दरावरून तावातावाने जाब विचारणारा शेतकरी ग्रामसभेकडे मात्र पाठ फिरवतो, हे कोडेच आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा ८० टक्के वाटा आपल्या राज्यात ग्रामपंचायतींना मिळाला. तो पैसा गटारावर खर्चावा की शाळेच्या पाण्यावर, हे विचारण्याचे हक्काचे व्यासपीठ आपणच ओस पाडतो. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढील तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. त्याबद्दलची तक्रार रास्तच होती. परंतु त्या काळात ग्रामसभेचे दार कोणी बंद केले होते?

ओस पडलेल्या सत्तेला गिऱ्हाईक मिळते. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका राज्य निवडणूक आयोगाला रद्द कराव्या लागल्या. तेथे पदांसाठी जाहीर बोली लागली होती. बोलीला निमित्त होते मंदिराच्या निधीचे. देवकार्याला देणगी द्यावी, अवश्य द्यावी. पण देवाच्या नावावर गावाचा मताधिकार विकणे हा अधर्मच होय. असे ‘बिनविरोध’ म्हणजे सामंजस्य नव्हे. खरे सामंजस्य पाहायचे तर गडचिरोलीतील मेंढा (लेखा) पाहावे. तेथे ग्रामसभा एकमत होईपर्यंत चर्चा करते, निर्णय लादत नाही. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क तिने मिळवला, तो याच बळावर.

समाजसंघटन हे व्रत मानणाऱ्या कार्यकर्त्यांनी म्हणूनच निवडणुकीपुरते जागे होऊन चालणार नाही. सभेची सूचना फलकावर लागताच दहा घरी निरोप द्यावा, आदल्या महिला सभेला आपल्या घरातील माता-भगिनींना आग्रहाने पाठवावे, जमाखर्चाचे वाचन मागावे आणि आपली हरकत इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. यात पराक्रमाचे काही नाही, केवळ उपस्थितीचे सातत्य आहे. पंढरीच्या वाटेवर हजारोंची व्यवस्था लावणाऱ्या गावांना वर्षातून चार वेळा शंभर माणसे जमवणे अशक्य आहे, असे कोण म्हणेल?